जुन्या स्कूटरची निगा

यंत्र विकत घेतले म्हणजे ते आपले झाले, असे मनुष्यास वाटते. वस्तुतः यंत्र ज्याला समजते आणि जो त्याची निगा राखतो, त्याचेच ते होते. घरातली विळी, शेतातली तिफण, भिंतीवरचे घड्याळ, या सर्वांना हा नियम लागू आहे. परभणी जिल्ह्यात अजूनही कोठे कोठे आढळणाऱ्या जुन्या स्कूटरांकडे पाहिले असता तो चांगला ध्यानी येतो.

परभणी हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांचा आणि काळ्याभोर जमिनीचा जिल्हा. बैलगाडी, सायकल आणि एस.टी. हीच येथल्या खेडुताची वाहने असत. १९७२ हे वर्ष मराठवाड्याला भीषण दुष्काळाचे म्हणून आठवते. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात तयार होणारी दोन वाहने बाजारात आली. पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यातून बजाज कंपनीची ‘चेतक’ स्कूटर आली. किनेटिक कंपनीने पन्नास सी.सी.ची, पायडल असलेली लहानशी ‘लूना’ आणली. राणा प्रतापाच्या इमानी घोड्याचे नाव स्कूटरला शोभून दिसले. मात्र ती मिळणे सोपे नव्हते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे ज्या दिवशी ती दारात उभी राही, त्या दिवशी तिला हळदकुंकू वाहून नारळ फोडला जाई.

पुढे मूल उभे, मागे तान्हे घेऊन बसलेली आई आणि मध्ये वडील, असे सारे कुटुंब एका चेतकवर मावत असे. लूनाच्या दोन्ही अंगांना दुधाच्या कॅन अडकवून गवळी पहाटे शहराची वाट धरत. पुढे कमी पेट्रोलात अधिक धावणाऱ्या मोटारसायकली आल्या आणि स्कूटरचे दिवस पालटले. २००९ साली बजाज कंपनीने स्कूटरनिर्मिती थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. असंख्य स्कूटरी भंगारात गेल्या. काही मात्र गोठ्याच्या कोपऱ्यात, धुळीच्या थराखाली उभ्या राहिल्या. अशी एखादी स्कूटर नातवाच्या दृष्टीस पडते, आणि आजोबांचे वाहन पुन्हा चालू करावे, असे त्याच्या मनात येते.

येथे पहिली परीक्षा असते. बहुतेकांच्या मनात आधी रंग येतो. जाणता मिस्त्री मात्र रंगाच्या डब्याला हात लावीत नाही. तो स्कूटर आडवी करून तिच्या पोटाखाली पाहतो. चेतकला मोटारसायकलीसारखा नळ्यांचा निराळा सांगाडा नसतो. पोलादी पत्रा दाबून घडविलेले अंग हाच तिचा सांगाडा. पाय ठेवण्याच्या जागेखाली काळ्या मातीचा चिखल साचतो, तो ओल धरून ठेवतो, आणि पत्रा आतून गंजत जातो. अशा गंजावर लांबी भरून वर रंग चढविला, तर स्कूटर नवी दिसते. पण ती मोडक्या हाडावर रेशमी अंगरखा घातल्यासारखी असते. गंजलेला भाग कापून तेथे चांगला पत्रा जोडणे, हाच खरा उपाय.

मग इंजिनाची पाळी येते. बरीच वर्षे उभ्या असलेल्या स्कूटरला एकदम जोराने किक मारणे हा अविचार होय. पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटून बसलेला असतो. प्लग काढून त्या छिद्रातून थोडे तेल सोडावे, एक-दोन रात्री तसेच राहू द्यावे, आणि मग हलक्या हाताने यंत्र फिरवून पाहावे. टाकीतील जुन्या पेट्रोलाचा चिकट गाळ झालेला असतो, तो कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवितो. ती छिद्रे हवेच्या झोताने मोकळी करतात. त्यांत पोलादी तार खुपसल्यास छिद्र मोठे होते आणि पेट्रोलाचे प्रमाण कायमचे बिघडते. उतावळेपणाने केलेली दुरुस्ती कित्येकदा मूळ बिघाडाहून महाग पडते, ती अशी.

या जुन्या स्कूटरांच्या पेट्रोलात तेल का मिसळतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. त्यांचे इंजिन दोन धावांचे, म्हणजे टू-स्ट्रोक असते. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी इंजिनाच्या खालच्या पेटीत शिरते आणि तेथून वर सिलिंडरमध्ये जाते. त्या पेटीत मोटारीप्रमाणे तेलाचा साठा नसतो. पेट्रोलाबरोबर आलेले तेलच बेअरिंगांना आणि पिस्टनला वंगण पुरविते. पन्नास भाग पेट्रोलाला एक भाग तेल असे प्रमाण ठरले असेल, तर १ लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर तेल पडते. तेवढे एक माप विसरले, तर तापलेला पिस्टन चालता चालता जखडतो आणि मागचे चाक एकाएकी थांबते. तेल जास्त झाले, तर प्लग काजळतो आणि धूर वाढतो. प्रमाण हाच येथे प्राण आहे.

चाकाची गोष्टही अशीच. चेतकच्या चाकाची रिम दोन अर्धांची असते आणि ते नटांनी एकमेकांस जखडलेले असतात. टायरमधील हवा पूर्णपणे काढल्यावाचून त्या नटांना पाना लावू नये. हवा भरलेली असताना ते सैल केल्यास रिमचे अर्ध उसळून जबर इजा होते. ज्याला हे ठाऊक नाही, त्याने हौसेखातरही चाक खोलू नये.

कल्पना करा, एक तरुण आजोबांची स्कूटर घेऊन म्हाताऱ्या मिस्त्रीकडे येतो. घरात लग्न आहे. तो म्हणतो, “चाचा, रविवारपर्यंत नुसती चकचकीत करून द्या. ब्रेकचे मागाहून पाहू.” मिस्त्री चाकाचा ड्रम उघडून झिजलेले ब्रेक-शू त्याच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, “बेटा, रंग बघणाऱ्यासाठी असतो, ब्रेक बसणाऱ्यासाठी. लग्नाला एस.टी.ने जा. गाडी पुढच्या महिन्यात ने.” असे उत्तर देणाऱ्याचे एखादे गिऱ्हाईक तुटते, परंतु गंगाखेडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रकांमधून जाणारा एक जीव वाचतो. कारागिराची विद्या त्याच्या हातात असते खरी, पण तिची किंमत त्याच्या नकारात कळते.

जतन करणे म्हणजे आपल्या आवडीप्रमाणे बदलणे नव्हे, ही दृष्टी कायद्यानेही स्वीकारली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वारसा वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेले आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन त्यांत बसते. सांगाडा, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला असता कामा नये. १९७२ साली नोंदलेल्या चेतकने २०२२ साली ही पन्नाशी गाठली. अशा वाहनाचा नित्याच्या वाहतुकीसाठी वापर करण्यास मात्र त्या नियमांनी मनाई केली. हे योग्यच आहे. दोन धावांचे इंजिन तेलही जाळते आणि त्याचा निळसर धूर हवेस अपायकारक असतो. रोजच्या कामासाठी नवी साधने आहेत; २०२० साली चेतकच्याच नावाने विजेवर चालणारी स्कूटरही विक्रीस आली. जुनी स्कूटर राखावयाची, ती एका काळाची साक्ष म्हणून.

ही साक्ष जिवंत ठेवणारे हात आता थोडे उरले आहेत. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारा, सुटा केलेला प्रत्येक नट क्रमाने मांडून ठेवणारा आणि उलट क्रमाने अचूक जोडणारा मिस्त्री आपली विद्या कोणत्याही ग्रंथात लिहून ठेवीत नाही. शेजारी बसून पाना हाती देणारा मुलगाच ती शिकतो. असा मुलगा जर कोणी त्याच्यापाशी बसलाच नाही, तर स्कूटर उरूनही तिला चालविणारी विद्या उरणार नाही. म्हणून जुने वाहन राखू इच्छिणाऱ्याने प्रथम त्या मिस्त्रीपाशी बसावे, त्याचे ऐकावे, आपले हात काळे करून घ्यावे. मग आजोबांची स्कूटर खऱ्या अर्थाने नातवाची होईल.

स्वाध्याय

१. जाणता मिस्त्री रंगाआधी स्कूटरच्या पोटाखाली का पाहतो?
२. पेट्रोलात तेल मिसळण्याचे कारण तुमच्या शब्दांत सांगा. ४ लिटर पेट्रोलास पाठातील प्रमाणाने किती तेल लागेल?
३. ‘कारागिराच्या विद्येची किंमत त्याच्या नकारात कळते’, या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा आणि त्याच्या कामाविषयी दहा ओळी लिहा.