लांब पल्ल्याची कॅम्पर सफर : पहिले तीन मुक्काम परभणी जिल्ह्यातच करा

कॅम्पर घेऊन दोन-तीन राज्यांच्या प्रवासाला निघणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी घाई करतात. पहाटे चारला गाडी काढायची, दिवसभरात चारशे-पाचशे किलोमीटर मारायचे आणि अंधार पडल्यावर अनोळखी मुलखात मुक्कामाची जागा शोधत फिरायचं. हॉटेलात उतरणाऱ्याचं यात भागून जातं. कॅम्परवाल्याचं पाणी, गॅस, बॅटरी, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण सगळं गाडीतच असतं. त्यातलं काय सैल आहे, काय कमी पडतंय, घरातल्या कोणाला काय सोसत नाही, हे पहिल्या तीन रात्रींत कळतं. म्हणून या तीन रात्री घरापासून तास-दीड तासाच्या आतच काढाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

परभणी जिल्हा या सरावासाठी फार सोयीचा आहे. शहर साधारण मधोमध. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड ही तालुक्याची गावं तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेच्या टेकड्या, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाट, मधे गोदावरी, पूर्णा आणि दुधनेचं काळं रान. चढ-उतार, मोठा रस्ता, गावातली बोळं आणि पाणंद असे सगळे प्रकार एकाच जिल्ह्यात मिळतात. शिवाय इथून पुढे गोदावरीच्या काठाकाठाने नांदेड, बासर, भद्राचलम करत थेट समुद्रापर्यंत जाता येतं. महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र प्रदेश असा तीन राज्यांचा हा प्रवास आहे. त्याच्या सुरुवातीची आखणी पुढे देतो.

निघण्याआधी : वजन, कागद, हंगाम

सामानाची यादी सगळेच करतात, वजन मात्र क्वचित कोणी करतं. शंभर लिटरची टाकी भरली की गाडीवर शंभर किलो चढले. त्यात बॅटऱ्या, सिलिंडर, कपाटं, गाद्या आणि चार माणसं. परभणी, मानवत, सेलू या कापसाच्या बाजारपेठा आहेत, त्यामुळे जिनिंगच्या आसपास वजनकाटा सापडतो. माणसांसकट भरलेली गाडी काट्यावर घ्या आणि कंपनीच्या पाटीवरच्या कमाल वजनाशी आकडा ताडून पाहा. नंतर फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा वजन करा. वजाबाकी केली की मागच्या चाकांवरचा बोजा कळतो. जड सामान खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे ठेवा. टपावर फक्त हलक्या वस्तू. टायरची हवा या भरलेल्या वजनाप्रमाणे ठरवा आणि सकाळी टायर थंड असतानाच तपासा.

साध्या गाडीचं कॅम्परमध्ये रूपांतर केलं असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि आरसीवर त्या बदलाची नोंद लागते. परभणीची ‘एमएच २२’ची गाडी राज्याबाहेर अडवली गेली, तर आधी हीच नोंद पाहिली जाईल. भाड्याच्या कॅम्परला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे मालकाकडून कागद हातात घेऊन बघा. विमा, पीयूसी, फास्टॅग आणि लायसन्स यांच्या मुदती प्रवास संपेपर्यंतच्या हव्यात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आपल्या भागात खास कॅम्परसाठीचे तळ मिळतील असं धरून चालू नका. जागा विचारूनच मिळवावी लागते.

हंगाम दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. उन्हाळ्यात इथला पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या गाडीत दुपार काढणं लहान मुलांना आणि वयस्करांना धोक्याचं ठरतं. हिवाळाही अंगावर येणारा असतो. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत. चांगल्या रजया घ्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. त्या दिवसांत मोठी गाडी शहरात नेऊ नका.

पहिला दिवस : परभणी–जिंतूर–येलदरी (गाडी आणि वीज)

सकाळी नाश्ता करून नऊच्या सुमारास निघा. झरीला पहिला थांबा घ्या. चाकांचे नट, टपावरचे पट्टे, कपाटांच्या कड्या आणि गाडीखाली कुठे पाण्याचा किंवा तेलाचा थेंब दिसतो का, हे पाहा. जे खडखडतंय त्याचा बंदोबस्त तिथेच करा. पुढे बोरीमार्गे जिंतूर.

जिंतूरजवळच्या नेमगिरी-चंद्रगिरी टेकड्यांवर जैन लेणी आहेत. गाडी खाली लावून पायी वर जा. लेण्यांची दारं बुटकी आहेत, वाकूनच आत शिरावं लागतं. आत तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आहेत. हे जागतं तीर्थक्षेत्र आहे, त्यामुळे चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवा आणि आवारात मांसाहार-मद्य अजिबात नको.

दुपारनंतर येलदरी. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं आणि इथे जलविद्युत केंद्रही आहे. धरणाच्या भिंतीवर आणि वीजकेंद्राजवळ परवानगीशिवाय जाऊ नका, ड्रोन तर उडवूच नका. हिवाळ्यात जलाशयावर पाहुणे पक्षी येतात, दुर्बीण बरोबर ठेवा.

मुक्कामाची जागा चारच्या आत ठरवा. पाण्याच्या काठापासून लांब, मुरमाची जमीन बघा. जागेच्या मालकाला विचारा आणि गावात पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना सांगा. आपण कोण, कुठले, किती वाजता जाणार, एवढं सांगितलं की रात्री कोणी काच ठोठावत नाही, उलट सकाळी चहाचं बोलावणं येतं. गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा. बाभळीखाली लावू नका, काटा टायरमध्ये शिरतो. चाकाखाली लाकडी ठोकळे घालून गाडी समतल करा, नाहीतर झोप लागत नाही आणि सिंकमधलं पाणीही उतरत नाही.

पहिल्या रात्री विजेची परीक्षा घ्या. बाहेरून जोडणी न घेता फक्त बॅटरीवर राहा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १२०० वॅट-तास देते. ती शिसे-आम्लाची असेल तर निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर खराब होते. लिथियमची असेल तर ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते. छोटा फ्रिज दिवसाला चारशे-सहाशे वॅट-तास खातो. म्हणजे साध्या बॅटरीत एक फ्रिज आणि दोन दिवे एवढ्यावरच दिवस संपतो. झोपताना आणि उठल्यावर व्होल्टेज वहीत लिहा. हिवाळ्यात सकाळचं ऊन पॅनेलवर पडेल अशी गाडी लावली, तर मोठा फरक पडतो.

दुसरा दिवस : चारठाणा–वालूर–सेलू–पाथरी (पाणी, गॅस आणि अरुंद रस्ते)

चारठाणा हे जिंतूर तालुक्यातलं प्राचीन मंदिरांचं गाव. देवळं, कोरीव स्तंभ आणि बारव पाहायला निवांत दोन-तीन तास ठेवा. तिथून सेलू तालुक्यातल्या वालूरला जा. तिथल्या बारवेच्या पायऱ्या गोल फिरत पाण्याकडे उतरतात. अशी रचना क्वचितच पाहायला मिळते. गावकऱ्यांनी कष्टाने गाळ-कचरा काढून ही बारव मोकळी केली आहे. तिच्यात पाय धुणं किंवा बाटली टाकणं हा त्या कष्टांचा अपमान आहे.

दोन्ही ठिकाणी कॅम्पर गावाबाहेर मोकळ्या जागी लावून चालत जा. बोळात लोंबत्या तारा आणि कडुलिंबाच्या फांद्या असतात. टपावरच्या पॅनेलसकट गाडीची उंची मोजून तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा या पट्ट्यात मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग आडवा येतो. रुळांखालच्या भुयारी रस्त्यात शिरण्याआधी उंचीची पाटी वाचा, आणि पाणी साचलेलं असेल तर शिरूच नका.

स्वयंपाकाची खरी कसोटी आज. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो आणि उशिरा लक्षात येतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. पाच किलोचा छोटा सिलिंडर प्रवासाला पुरतो. गाडी हलण्याआधी रेग्युलेटर बंद, हा नियम घरातल्या लहानांनाही पाठ हवा. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहा. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं जिवावर बेततं. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा आणि आग विझवायचं नळकांडं दाराजवळ, हाताला येईल असं टांगा.

पाण्याचाही हिशेब आजच मांडा. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये आणि वापरायचं टाकीत. दिवसात किती लिटर संपलं ते लिहा. पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान मानलं जातं, त्यामुळे तिथे भाविकांची ये-जा असते. देवस्थानाजवळ विचारून, रीतसर परवानगी घेऊनच रात्री गाडी लावा.

तिसरा दिवस : पाथरी–सोनपेठ–गंगाखेड–धारासूर (नदी आणि काळी माती)

गोदाकाठचा हा पट्टा उसाचा. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याने चालतात, आणि अनेकांना मागे दिवा किंवा चमकपट्टी नसते. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, हा नियम इथे काटेकोर पाळा. दिवसाही ट्रॉलीला ओलांडताना समोरचा लांबपर्यंतचा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर पडू नका.

गोदावरीच्या पात्रात मुदगलेश्वराचं मंदिर आहे. या टापूत नदीवर ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे बंधारे आहेत. वर जायकवाडीतून किंवा माजलगावातून पाणी सुटलं, तर आपल्या डोक्यावर एक ढग नसतानाही पात्र भरतं. वाळूत तंबू ठोकणं किंवा गाडी उतरवणं कितीही मोहाचं वाटलं तरी करू नका. मुक्काम नेहमी काठावर, उंचावर.

गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. त्याच तालुक्यातलं धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर हा मराठवाड्यातल्या मंदिरशिल्पाचा उत्तम नमुना आहे. बाह्य भिंतीवरच्या सुरसुंदरी पाहायला सकाळचं किंवा उतरतीचं ऊन चांगलं. दगडांवर चढू नका, मूर्तींना हात लावू नका.

धारासूरच्या वाटेवर काळ्या मातीशी गाठ पडते. कोरडी असताना ती दगडासारखी टणक असते. एक सर पडली की चाकाला चिकटून तोच टायर गुळगुळीत करून टाकते. टाच जोरात दाबून पाहा. खूण उमटली तर गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा. रुतलीच तर एक्सलरेटर देत बसू नका, चाक आणखी खोल जातं. चाकापुढची माती उकरा, तुराट्या-पऱ्हाट्या किंवा फळी घाला आणि हवा थोडी कमी करून हळू बाहेर काढा. डांबरीवर आल्यावर हवा पुन्हा भरा.

गाडीत शौचालय असेल, तर त्याची टाकी आज रिकामी करा. ती जागेच्या मालकाला विचारून सेप्टिक टँकच्या संडासातच ओतायची. नदी, नाला, शेत, रस्त्याची चारी यांपैकी काहीही चालणार नाही.

तिसऱ्या रात्रीचा हिशेब

सगळ्यांनी मिळून वही उघडा आणि एवढं तपासा :

– रोज वीज किती लागली आणि किती भरून आली?
– पाणी आणि गॅस किती दिवस पुरेल?
– तीन दिवसांत कोणत्या सामानाला हातच लागला नाही? ते घरी पाठवा.
– कोणाची झोप होत नाही, कोणाला गाडी लागते, कोणावर कामाचा जास्त भार पडतोय? घरातल्या बाईवरच स्वयंपाक आणि आवराआवर पडत असेल, तर ती सहल तिची नाही. कामं आत्ताच वाटून घ्या.
– ब्रेक, क्लच, टायर यांत काही वेगळं जाणवतंय का?

आपल्याकडे ‘बनी तो बनी, नही तो परभणी’ असं पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. या आखणीत ते अक्षरशः खरं आहे. जमलं तर पुढे, नाहीतर तासाभरात परभणी, आपला मेकॅनिक आणि आपलं घर.

चौथ्या दिवसापासून

सगळं ठीक असेल तर पालम, लोहा करत नांदेड गाठा. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात दर्शन आणि लंगर घ्या. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथेच देह ठेवला. पुढे धर्माबादच्या बाजूने सीमा ओलांडली की गोदाकाठचं बासर, तिथलं ज्ञान सरस्वतीचं मंदिर. निजामाबाद जिल्ह्यात कंदकुर्तीला मांजरा गोदावरीला मिळते. त्यापुढे पोचमपाडचा श्रीराम सागर जलाशय, प्राणहितेच्या संगमावरचं काळेश्वरम, मग भद्राचलम, राजमहेंद्रवरम आणि शेवटी समुद्राकाठचं अंतर्वेदी. सीमेलगतच्या तेलंगणात मराठी जाणणारी माणसं सहज भेटतात, पुढे मात्र चार तेलुगू शब्द आणि नम्रपणा कामी येतो. रोज दीडशे ते दोनशे किलोमीटर, सलग तीन दिवसांनंतर एक दिवस विसावा, ही गती पुरे.

ज्या शेतात, ज्या देवळाशेजारी रात्र काढाल, तिथला स्वतःचा आणि आधीच्यांचाही कचरा उचलून निघा. पुढच्या कॅम्परवाल्याला तिथे हो म्हणायचं की नाही, हे गाव तुमच्या वागण्यावरून ठरवणार आहे.