आधी आवाज, मग वरात

अगं, कॅसेटींचं ते खोकं भंगारवाल्याला देऊ नकोस, आणि घाईघाईत दुकानातही नेऊन टाकू नकोस. आधी माझं ऐक. दुकानवाले वाईट असतात असं नाही, पण त्यांच्या लेखी तुझी कॅसेट म्हणजे एक नग. तीन तासांचं चित्रण एकाच डिस्कवर कोंबून देतात. मग चित्राचा पार चिखल होतो आणि आपण म्हणतो, जुनी कॅसेट, असंच असणार. डीव्हीडी रेकॉर्डर हाताशी असेल तर हे काम घरी होतं. तुला संगणकाचा कंटाळा आहे ना, मग हेच बरं. व्हीसीआरमधून निघणारी पिवळी, पांढरी आणि लाल वायर रेकॉर्डरच्या मागे जोडायची, इकडे प्ले आणि तिकडे रेकॉर्ड दाबायचं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, त्यात काही पळवाट नाही. पण तेवढ्या वेळात तुझ्या भाज्या निवडून होतील.

रेकॉर्डर आणायचा कुठून म्हणशील, तर आधी नातेवाइकांत विचार. वीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली ही यंत्रं माळ्यावर पडून असतात. नाहीच मिळालं तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. पण बघायला जाताना आपली एक कमी महत्त्वाची कॅसेट आणि कोरी डिस्क बरोबर ने. दहा मिनिटं रेकॉर्ड करून ती डिस्क दुसऱ्या प्लेअरवर चालते का ते बघ. जुनी डिस्क छान वाजते म्हणून भुलू नकोस. डिस्कवर लिहायला लेझरला जास्त जोर लागतो, त्यामुळे वाचणारं यंत्र लिहीलच असं नाही.

खरी अडचण व्हीसीआरची आहे. तो बनवणारी जपानची शेवटची कंपनी, फुनाई, तिने जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. हँडीकॅमच्या त्या इवल्या मिनीडीव्ही कॅसेटी सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केल्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने तर २०१५मध्येच सांगून ठेवलं होतं, की २०२५पर्यंत ज्या टेपा उतरवल्या जाणार नाहीत त्यांतल्या बहुतेक गेल्याच म्हणून समजा. टेप एक वेळ तग धरेल, पण ती वाजवणारं यंत्र आणि ते दुरुस्त करणारा माणूस शोधायचा कुठे? म्हणून ज्याच्या घरी चालता व्हीसीआर असेल त्याच्याशी सध्या गोड बोलून राहा.

आता क्रम. मला ठाऊक आहे, तू पहिल्यांदा लग्नाची कॅसेट काढणार. काढू नकोस. ती सगळ्यांत शेवटी.

सांगते का ते. १९८२च्या एशियाडच्या वेळी आपल्याकडे रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आले, आणि बघता बघता कार्यालयात बत्ती घेतलेल्या पोऱ्यासकट व्हिडिओवाला दिसायला लागला. त्याचं चित्रण पुढे जायचं ‘मिक्सिंग’ला. नवरीचा चेहरा गुलाबात, नवरदेव बदामात, आणि सगळ्यावर सिनेमातली गाणी. मूळ आवाज बऱ्याच वेळा पुसूनच टाकलेला. मामांनी खड्या आवाजात म्हटलेली मंगलाष्टकं गेली, मागे सनई राहिली. आजी उखाणा घेताना दिसते, तिचे ओठ हलतात, बायका हसतात, आणि ऐकू काय येतं तर कुठल्या तरी सिनेमातलं युगुलगीत! त्यात जे उरलंय ते बहुतेक फोटोंच्या अल्बममध्येही आहे. ते दोन महिन्यांनी उतरवलंस तरी चालेल.

याउलट परदेशातून आलेल्या काकांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने घेतलेलं बारसं, डोहाळजेवण, गणपतीची आरती. चित्र हलतंय, अर्धा वेळ पंखाच दिसतोय, पण आवाज खरा आहे. कोणी तरी आतून “अगं, साखर कुठे ठेवलीस?” म्हणून ओरडतंय, आजोबा खाकरतायत, आरतीत एकाचा सूर भलतीकडेच चाललाय. हे दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून आधी अशा कॅसेटी बाजूला काढ, त्यातही ज्या माणसाचा आवाज आता कुठेच ऐकू येणार नाही त्याची सर्वांत पहिली. आणि कापाकापी करू नकोस गं. ‘कंटाळवाणा भाग गाळते’ असं वाटेल, पण त्या भागातच जुनं स्वयंपाकघर असतं, पितळेच्या डब्यांची फळी असते, बोलण्याची ती पद्धत असते. कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आहे तशी उतरव.

कॅसेट लावण्याआधी काय करायचं ते ऐक. मागच्या कडेला प्लॅस्टिकची छोटी खिट्टी असते, ती मोडून टाक. मग चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसली जाणार नाही. खिडकीतून आतल्या रिळाकडे उजेडात बघ. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही, कारण एकीची बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तिथून चांगल्या कॅसेटींनाही. ती तेवढी साफ करणाऱ्या जाणकाराकडे दे, तिथे पैसे खर्च कर. आपल्याकडच्या दमट हवेत, कोकणात आणि मुंबईत तर विशेषच, अशा कॅसेटी निघणारच. काम सुरू कर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटीही एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घे, वर्षानुवर्षं चिकटून बसलेली टेप सुटी होते. मध्येच पडद्यावर मुंग्या यायला लागल्या तर थांब. हेड घाण झालं असेल, ते साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

काकांच्या अमेरिकेतल्या कॅसेटी वेगळ्या ठेव. तिकडची पद्धत एनटीएससी, आपली पाल. व्हीसीआर आणि रेकॉर्डर दोन्हींना एनटीएससी चालत असेल तरच त्या नीट उतरतील, आणि त्यांची डिस्कही वेगळीच करायची, कारण एका डिस्कवर दोन्ही पद्धती नांदत नाहीत.

रेकॉर्डरवर एक्सपी, एसपी, एलपी, ईपी अशी अक्षरं दिसतील. साध्या ४.७ जीबीच्या डिस्कवर एक्सपीमध्ये एक तास मावतो, एसपीमध्ये दोन, एलपीमध्ये चार, ईपीमध्ये सहा. तू एसपी धर. ई-१८० कॅसेट तीन तासांची, म्हणजे तिला दोन डिस्क लागतील. लागू देत. एलपीमध्ये चित्राचे बारकावे निम्म्यावर येतात, आणि ईपी म्हणजे तर दुकानवाल्याचा चिखल. साडीच्या काठाची नक्षी दिसली पाहिजे गं, वीस-पंचवीस रुपयांच्या डिस्कसाठी कसली काटकसर! कधी कधी रेकॉर्डर ‘कॉपी करता येत नाही’ म्हणून अडून बसतो. ती सोय खरं तर विकतच्या सिनेमांसाठी, पण जुन्या टेपचा सिग्नल डळमळीत असला की यंत्राचा गैरसमज होतो. दुसऱ्या व्हीसीआरवर लावून बघ, बऱ्याच वेळा तेवढ्याने भागतं.

सगळं रेकॉर्ड झालं की ‘फायनलाइज’ करायचं. हे विसरू नकोस, दोनदा सांगते. फायनलाइज केल्याशिवाय ती डिस्क साधारणपणे त्या एका रेकॉर्डरवरच चालते, आणि तो बिघडला की तू हात चोळत बसणार. हँडीकॅमच्या त्या आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडी असतात ना, त्यांचंही तेच. कोणाकडे निघाल्या तर आधी तो कॅमेरा शोधायला लाव आणि त्यातच फायनलाइज करून घे. मग डिस्क दुसऱ्या प्लेअरवर सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तपास. शेवट मुद्दाम बघ. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, आणि बाहेरच्या कडेलाच गडबड जास्त.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नकोस. डिस्कसाठीच्या मार्करने नुसता आकडा लिही आणि तपशील वहीत ठेव. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, तो उन्हाने आणि उष्णतेने बिघडतो. म्हणून डबीत, उभी, अंधाऱ्या कपाटात. तरी डिस्कवर विसंबून राहू नकोस, हे मी पैजेवर सांगते. ती मुक्कामाची जागा आहे, घर नव्हे. भाच्याला सांगून प्रत्येक डिस्कमधलं व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर जसंच्या तसं हार्ड डिस्कवर घेऊन ठेव. एक टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये अशा दोनशे डिस्क मावतात. आणि दुसरी हार्ड डिस्क दादाकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप दाखवायला ठीक, पण तिथे सगळं आवळलं जातं, तिला प्रत समजू नकोस. मूळ कॅसेटी एवढ्यात टाकायच्या नाहीत.

आता आतली गोष्ट. सगळ्यांना डिस्क वाटण्याआधी एकदा एकटीने बसून बघ. जुन्या चित्रणात आज न बोलणारे दोन भाऊ एका ताटात जेवत असतात. मोडलेल्या लग्नाची हळद असते. काकूंना आपला तो काळ पुन्हा बघायचाय की नाही हे त्यांना विचारल्याशिवाय कौटुंबिक ग्रुपवर एक सेकंदही टाकू नकोस. सासरच्या कॅसेटी असतील तर पहिली प्रत सासूबाईंच्या हातात दे आणि लावताना त्यांना शेजारी बसव. तू मालकीण आहेस असं कोणाला वाटता कामा नये, आणि खरं सांगायचं तर तू नाहीसच.

आणि आत्याला बोलाव. त्या बारशाच्या कॅसेटमध्ये झोपाळ्याजवळ उभी असलेली, हिरव्या साडीतली बाई कोण, हे आता तिलाच सांगता येईल. वही-पेन घेऊन बस, ती बोलेल तसं नाव, नातं, गाव लिहीत जा, आणि फोनवर तिचा आवाजही रेकॉर्ड कर. तिची तब्येत हल्ली कशी असते ते तुला ठाऊक आहे. रेकॉर्डर पुढच्या महिन्यात शोधलास तरी चालेल, तिला फोन मात्र आजच लाव.