बेटावर राहायला जाताना

मागच्या महिन्यात मेसमध्ये एक ज्युनियर मुलगी ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, तू अंदमानला होतीस ना? मला तिकडे सहा महिन्यांची ट्रेनिंग मिळतेय. आई नको म्हणतेय. जाऊ का?" मी म्हटलं, "जा की, मस्त आहे!" आणि वरण-भात संपवून उठले. रात्री रूमवर आल्यावर मात्र वाटलं, हे काही उत्तर झालं नाही. जिथे मी तीन वर्षं काढली, त्या गावाबद्दल चार शब्दांत बोलून मोकळी झाले. म्हणून हे लांबलचक उत्तर. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पदरात घ्याव्यात.

आधी थोडी पार्श्वभूमी. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. २०२१ मध्ये माझी दहावी झाली आणि त्यांची बदली पोर्ट ब्लेअरला झाली. डिप्लोमा मी तिथेच केला. पहिली दोन वर्षं क्वार्टरमध्ये आई-बाबांबरोबर होते. तिसऱ्या वर्षी बाबांची पुन्हा इकडे बदली झाली आणि मी एकटी हॉस्टेलवर राहिले. २०२४ मध्ये आपल्या कॉलेजात थेट सेकंड इयरला आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या गावाचं नाव 'श्री विजयपुरम' झालं. माझ्या तोंडात अजून जुनंच नाव बसलंय, तेवढं चालवून घ्या.

१. नकाशा नीट बघा

शाळेच्या नकाशात अंदमान-निकोबार म्हणजे उजव्या कोपऱ्यातले चार ठिपके. खडक धरून मोजली तर बेटं ८३६ आहेत, पण वस्ती जेमतेम तिसेक बेटांवर. पोर्ट ब्लेअर ते चेन्नई किंवा कोलकाता अंतर सुमारे १२०० किलोमीटर, आणि मध्ये नुसतं पाणी. अगदी दक्षिणेच्या ग्रेट निकोबारहून तर इंडोनेशियाचं सुमात्रा दोनशे किलोमीटरच्या आत आहे आणि चेन्नई दीड हजाराहून जास्त! तिथले लोक आपल्या बाजूला 'मेनलँड' म्हणतात. "मेनलँड से कब आए?" हा पहिला प्रश्न असतो.

२. घड्याळ आणि सूर्य

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माझी तब्येत बिघडली आहे. पहाटे पाचलाच डोळ्यांवर ऊन यायचं आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य गायब! कारण सोपं आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पोर्ट ब्लेअर जवळपास ९२.७ अंशावर, मुंबई ७२.९ वर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे मुंबईत आणि तिथे सूर्याचा फरक जवळजवळ ८० मिनिटांचा, पण घड्याळ एकच. त्यामुळे रात्री जागून अभ्यास करणाऱ्यांचे हाल होतात. मी पहाटे उठून अभ्यास करायला तिथे शिकले. ती सवय इथे येऊन तीन आठवड्यांत मोडली, हे रूममेट सांगेलच.

३. पाऊस भरपूर, पाणी कमी

ही गोष्ट सिव्हिलवाल्यांनी मुद्दाम वाचावी. पोर्ट ब्लेअरला वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या चौपट. मे ते डिसेंबर छत्री खाली ठेवायची सोय नाही. आणि तरीही फेब्रुवारी-मार्चमध्ये नळाला पाणी दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा. आईला हे पटायचंच नाही. "एवढा पाऊस गेला कुठे?" म्हणून ती रोज बाबांनाच विचारायची!

तो गेला समुद्रात. बेट अरुंद आणि डोंगराळ. ओढे आखूड, उतार तीव्र. पडलेलं पाणी काही तासांत खाडीला मिळतं. गावाची मुख्य भिस्त धनीखारीच्या धरणावर. धरण भरल्यावर जास्तीचा पाऊस त्याच्या काही कामाचा नाही, आणि नंतरचे चार कोरडे महिने त्यावरच काढायचे. आपल्या कोकणात तरी काय होतं? जुलैत घरात पाणी शिरतं आणि मेमध्ये त्याच वाडीत टँकर येतो. पाऊस किती पडला याच्याइतकाच तो किती साठवला हाही प्रश्न आहे. हायड्रॉलॉजीच्या पुस्तकात हे असतं, पण माझ्या डोक्यात ते बादलीने शिरलं. हॉस्टेलवर प्रत्येकीची स्वतःची, नाव रंगवलेली बादली असायची आणि दुसरीच्या बादलीला हात लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. आजही इथे कोणी नळ उघडा टाकून गप्पा मारायला लागलं की माझा हात आपोआप नळाकडे जातो.

४. वीज आणि नेट

आपल्याकडे एक वीजकेंद्र बंद पडलं तर देशभराची ग्रिड सावरून घेते. तिथे समुद्र ओलांडून ग्रिड येत नाही. बेटांची वीज मुख्यतः डिझेल जनरेटरवर, आणि ते डिझेल जहाजाने येणार. थोडी सौर ऊर्जा आहे. उत्तर अंदमानात कल्पोंग नदीवर ५.२५ मेगावॅटचं छोटं जलविद्युत केंद्र आहे. लहान ग्रिडमध्ये एक मोठा लोड चालू झाला किंवा सोलर पॅनेलवर ढग आला तरी फ्रीक्वेन्सी हलते, म्हणून सोलरबरोबर बॅटरी लागते. इलेक्ट्रिकलच्या मित्रांनो, तुम्ही जे 'आयसोलेटेड सिस्टीम' म्हणून वाचता, ते तिथे रोज अनुभवायला मिळतं.

नेटची गोष्टही तशीच. १० ऑगस्ट २०२० ला चेन्नईहून सुमारे २३०० किलोमीटरची समुद्राखालची ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. त्याआधी सगळं उपग्रहावर चालायचं. मी पोचले २०२१ मध्ये, म्हणून मला चांगले दिवस दिसले. सीनियर सांगायचे, एक पीडीएफ डाऊनलोडला लावून जेवून यायचं, आणि ती तोवर उतरली तर नशीब!

५. अंतर म्हणजे काय

आता जरा अवघड भाग. २०२३ चा ऑगस्ट. आई-बाबा परत गेले होते. साताऱ्याला आजी आजारी होती, पण फोनवर बोलायची. "तिकडे मासे खातेस की नाही गं?" हा तिचा नेहमीचा प्रश्न. एका सकाळी बाबांचा फोन आला, "निघ." बाहेर धो धो पाऊस. त्या दिवशीचं माझं विमान रद्द झालं, दुसऱ्या दिवशीचंही. जहाजाने चेन्नई गाठायला दोन-तीन दिवस लागतात, आणि त्या आठवड्यातलं जहाज आदल्याच दिवशी सुटलं होतं. तिसऱ्या दिवशी विमान मिळालं. मग चेन्नई, पुणे आणि पुढे एसटी. तोपर्यंत सगळं उरकलं होतं. मी तेराव्याला घरात होते एवढंच.

यात कोणाची चूक नव्हती. ढगांवर कोण रागावणार? पण ज्युनियर, तुझ्या आईला जे वाटतंय ते हेच आहे. म्हणून निघण्यापूर्वी घरी बसून एकदा हे बोलून घे. मी बोलले नव्हते. आणि एका तिकिटाचे पैसे कायम वेगळे ठेव, कितीही मोह झाला तरी त्यांना हात लावू नकोस.

६. जमीन हलते तेव्हा

अंदमान-निकोबार भूकंपाच्या पाचव्या झोनमध्ये येतात. छोटे धक्के अधूनमधून बसतात. हॉस्टेलवर माझी रूममेट कार निकोबारची होती. (तिला विचारूनच हे लिहिते आहे.) एका रात्री पलंग हलायला लागला. मी उठले आणि काय केलं असेल? लॅपटॉप आणि चार्जर शोधायला लागले! तिने माझा हात ओढून मला टेबलाखाली घातलं. हलणं थांबल्यावर चप्पल घालायला लावून बाहेर काढलं आणि चढाच्या रस्त्याने वर नेलं. धक्का किरकोळ होता, काहीच झालं नाही. मी हसायला लागले. ती हसली नाही.

मग तिने सांगितलं. २६ डिसेंबर २००४, रविवार, सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राखाली ९ च्या वर रिश्टरचा, खरं तर आता 'मोमेंट मॅग्निट्यूड' म्हणतात, भूकंप झाला. भेग सुमारे १३०० किलोमीटर, पार अंदमानपर्यंत फाटत आली. कार निकोबारला लाटा यायला काही मिनिटंच लागली. तिच्या घरातली चार माणसं गेली. आई पोटुशी होती, ती बेटाच्या आतल्या बाजूला पळाली म्हणून वाचली. माझी रूममेट पुढच्या वर्षी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात जन्मली.

तिच्या घरी मुलांना शिकवतात ते असं: हलताना डोकं झाक. किनाऱ्याजवळ असशील आणि हलणं जोराचं किंवा बराच वेळ चाललेलं असेल, तर भोंग्याची वाट न बघता उंचावर जा. समुद्र मागे हटला तर बघायला जाऊ नको. पहिली लाट गेली म्हणून खाली उतरू नको, कारण पुढची मोठी असू शकते. आता हैदराबादला २००७ पासून त्सुनामीची पूर्वसूचना देणारं केंद्र आहे आणि ते चांगलं काम करतं. पण भूकंप अगदी जवळ झाला तर सूचना पोचायच्या आत लाट पोचू शकते. तेव्हा पायाखालचा हादरा हीच सूचना.

पुढच्या रविवारी ती मला सिप्पीघाटला घेऊन गेली. त्या भूकंपात पोर्ट ब्लेअरची जमीन जवळपास एक मीटर खचली आणि तिथल्या भातशेतीत भरतीचं पाणी शिरलं ते कायमचंच. उत्तर अंदमानच्या किनाऱ्यावर उलट जमीन वर आली आणि प्रवाळ उघडे पडले. एक बाजू खाली, एक बाजू वर! प्लेट टेक्टॉनिक्सवर मी परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. त्या पाण्याकडे बघताना ते मला पहिल्यांदा कळलं.

७. माणसं आणि नियम

गावात बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांचीकडचे आणि काळ्या पाण्याच्या कैद्यांचे वंशज असलेले 'लोकल बॉर्न' असे सगळे राहतात आणि आपसांत हिंदी बोलतात. मराठी म्हटलं की लगेच सेल्युलर जेलचा विषय निघतो. सावरकरबंधू तिथे होते. सात विंगांपैकी आज तीनच उभ्या आहेत. महाराष्ट्रातून नातेवाईक आले की मला गाईड व्हावं लागायचं. सात-आठ वेळा तरी गेले असेन. कोठडीच्या दारात उभं राहिल्यावर गप्पा मात्र दर वेळी आपोआप थांबायच्या.

नियम थोडे, पण कडक. शंख किंवा प्रवाळ उचलून आणायचे नाहीत. जारवांच्या राखीव जंगलातून रस्ता जातो, तिथे गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचे नाहीत, खाऊ द्यायचा नाही. ती माणसं आपल्याला बघण्यासाठी नाहीत. मगरीची पाटी असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही. ती पाटी शोभेची नसते! आणि जहाज लांबलं की कांदे-बटाटे-टोमॅटो महागतात, तेव्हा मेसवाल्या काकांशी भांडू नये.

तर, जाऊ का? माझं उत्तर अजूनही "जा" हेच आहे. पण बादली घेऊन जा, तिकिटाचे पैसे बाजूला ठेवून जा, आणि आजीला भेटून जा. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या रूमवर ये. माझी जुनी बादली देईन. तिच्यावर माझं नाव आहे, ते पुसून तुझं लिही.