जुन्या डिझेल व्हॅनचे ‘पासिंग’ : योग्यता प्रमाणपत्रावर किती विसंबावे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सांडोर (ता. वसई, जि. पालघर) येथील एका वाचकाने भाजीपाला व फुलांच्या वाहतुकीसाठी २०१२ सालची मालवाहू डिझेल व्हॅन जुन्या वाहनांच्या विक्रेत्याकडून घेतली. योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण नुकतेच झाले होते आणि ‘पासिंग ताजे आहे, काही बघायला नको’ असे विक्रेत्याने सांगितले होते. थोड्याच दिवसांत ब्रेक नीट लागेनासे झाले, तेव्हा गॅरेजमध्ये ब्रेकच्या नळ्या आणि चासीचा मागील भाग गंजाने खाल्ल्याचे आढळले. असे वाहन तपासणीत उत्तीर्ण कसे झाले, प्रमाणपत्रावर कितपत विसंबावे आणि दाद कोणाकडे मागावी, असे या वाचकाने विचारले आहे.

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनाजवळ, म्हणजे माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाजवळ, वैध योग्यता प्रमाणपत्र नसेल तर त्याची नोंदणीच वैध मानली जात नाही. व्यवहारात ‘पासिंग’ म्हणतात ते हेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ६२ प्रमाणे आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाचे नूतनीकरण दोन वर्षांसाठी, तर त्याहून जुन्या वाहनाचे एकाच वर्षासाठी होते. वाहन जितके जुने तितका दोन तपासण्यांमधला काळ त्याच्या सुरक्षिततेसाठी अधिक कसोटीचा असतो, हे या तरतुदीतच गृहीत धरलेले आहे.

या प्रमाणपत्राचा कायदेशीर अर्थ मर्यादित आहे. तपासणीच्या दिवशी ब्रेक, सुकाणू, दिवे, टायर, धूर इत्यादी बाबी विहित निकषांत बसल्या, एवढेच ते सांगते. पुढील वर्षभर वाहन निर्दोष राहील, इंजिनाचे आयुष्य शिल्लक आहे किंवा मागितलेली किंमत रास्त आहे, यांपैकी कशाचीही हमी त्यात नसते. हे केवळ भारतातच घडते असे नाही. ब्रिटनमधील ‘एमओटी’ या वार्षिक तपासणीतही इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची स्थिती पाहिली जात नाही.

तपासणीतील उणिवा

महाराष्ट्रातील वाहन तपासणीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलेला आहे. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निर्देश दिले आणि ब्रेकच्या चाचणीसाठी परिवहन कार्यालयांकडे २५० मीटर लांबीचा मार्ग असलाच पाहिजे, हा मुद्दा लावून धरला. असा मार्ग नसलेल्या ठिकाणी योग्यता प्रमाणपत्रे देण्यास पुढे मनाई झाली, कारण यंत्राविना ब्रेकची परीक्षा उभ्या वाहनावर होऊ शकत नाही. वाहनाला वेग देऊन ते किती अंतरात आणि किती सरळ थांबते, हे प्रत्यक्ष पाहावेच लागते.

यावर पुढचा उपाय म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. या केंद्रांत ब्रेकचा जोर, दिव्यांचा रोख, धुराचे प्रमाण इत्यादींचे मोजमाप यंत्रे करतात. शिवाय केंद्रचालकाला वाहनांची दुरुस्ती किंवा सुट्या भागांची विक्री करता येत नाही, त्यामुळे वाहन नापास किंवा पास करण्यात त्याचा व्यापारी लाभ राहत नाही. मात्र ही केंद्रे सक्तीची करण्याच्या तारखा वारंवार पुढे ढकलल्या गेल्या आणि यंत्र आले तरी रंगाखाली दडलेला गंज शोधण्यासाठी तपासनीसाला वाहनाखाली उतरून डोळ्यांनीच पाहावे लागते.

सांडोरसारख्या किनाऱ्याजवळच्या गावात हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातील चिखलाने चासीचे सांधे, पाट्यांच्या आधारपट्ट्या आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या आतून झिजतात. विक्रीपूर्वी खालून काळा रंग मारला की ही झीज झाकली जाते. परंतु स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर निकोप पत्रा खणखणीत वाजतो, तर सडलेला पत्रा बद्द आवाज देतो आणि त्याचे पापुद्रे गळून पडतात.

धुराचा दाखला, म्हणजे पीयूसी, ही वेगळी बाब आहे. उभ्या डिझेल वाहनाचा ॲक्सिलरेटर झटकन दाबून धुराची दाटी मोजतात. त्याची मर्यादा भारत स्टेज चारपूर्वीच्या वाहनांसाठी ६५ आणि भारत स्टेज चारच्या वाहनांसाठी ५० हार्ट्रिज एकके आहे. हा दाखला ब्रेक किंवा चासीविषयी काहीच सांगत नाही.

वाहन चालवावे काय?

दोष दूर होईपर्यंत चालवू नये. प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असली तरी दोष ठाऊक असताना वाहन रस्त्यावर आणणे हा कलम १९० खाली स्वतंत्र अपराध आहे आणि त्यातून अपघात होऊन इजा झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कलम ५६ (४) नुसार वाहन निकषांत बसत नसल्यास लेखी कारणे नोंदवून प्रमाणपत्र रद्दही करता येते. विम्याचा प्रश्नही त्याला जोडलेला आहे. वैध प्रमाणपत्र नसलेल्या वाहनाच्या अपघातात विमा कंपनीने पीडिताला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करावी काय, यावर न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१८ मध्ये मालकाच्या विरोधात जाणारी भूमिका घेतली आहे.

दाद कोणाकडे?

विक्रेता व्यावसायिक असल्याने ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वाहन व्यवसायासाठी घेतले म्हणून खरेदीदार ग्राहकच नव्हे, असा बचाव घेतला जाऊ शकतो. परंतु केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू कायद्याने ‘व्यापारी प्रयोजना’तून वगळलेली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात हाच भेद समजावून सांगितला आहे. व्हॅन वाचक स्वतः चालवत असेल तर बाजू बळकट होते.

विक्रेता खाजगी व्यक्ती असती तर आधार भारतीय करार अधिनियम, १८७२ चा घ्यावा लागला असता. त्यात एक मोठी अट आहे. साध्या दक्षतेने जो दोष कळला असता, त्याबाबत विक्रेत्याच्या चुकीच्या विधानावर किंवा मौनावर बोट ठेवून करार रद्द करता येत नाही. गंज रंगाने मुद्दाम झाकणे हे मात्र मौन नसून सक्रिय लपवणूक आहे आणि ती सिद्ध झाल्यास कपट ठरते.

दोन्ही मार्गांत पुरावाच निर्णायक ठरतो. दुरुस्तीपूर्वी तारखेसह छायाचित्रे काढावीत, अधिकृत कार्यशाळेचा लेखी अहवाल घ्यावा, काढलेल्या नळ्या भंगारात देऊ नयेत आणि विक्रेत्याला लेखी नोटीस पाठवावी. तपासणीच्या नोंदी माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली वसईच्या परिवहन कार्यालयाकडून मागवाव्यात आणि तपासणी झालीच नसल्याचे दिसल्यास परिवहन आयुक्तांकडे तक्रार करावी.

मालकी हस्तांतराची नोंद झाली नसल्यास तीही विनाविलंब करावी. कलम ५० नुसार खरेदीदाराने तीस दिवसांत कळवावयाचे असते, आणि नोंद होईपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे.

जुने वाहन घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी पैसे देण्यापूर्वी आपल्या विश्वासातील मेकॅनिककडून ते खड्ड्यावर किंवा लिफ्टवर चढवून खालून तपासून घ्यावे, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावून पाहावेत आणि विक्रेत्याने तोंडी दिलेली प्रत्येक ग्वाही करारपत्रात लिहून घ्यावी. वाहनाखाली आलेल्या माणसाला प्रमाणपत्राच्या तारखेचा काहीही उपयोग नसतो. म्हणून वाहन सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी पासिंगनंतरही मालकाचीच राहते.