वार्धक्याचे मोजमाप

बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य या मनुष्याच्या जीवनातील तीन अवस्था होत. वार्धक्य कोणालाही चुकत नाही. तथापि ते सर्वांना सारखेच येत नाही. सत्तरीतील एखादे आजोबा पहाटे शेताची फेरी करून येतात, तर त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या आजोबांना ओसरीची पायरी उतरणेही कठीण जाते. ‘वय झाले, आता असे व्हायचेच,’ असे म्हणून घरची माणसे स्वस्थ बसतात. अभ्यासक मात्र विचारतात, ‘हा फरक का पडतो?’

या प्रश्नाचे उत्तर एका दिवसात मिळत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी दरवर्षी पाऊस व विहिरींतील पाण्याची पातळी मोजतात आणि मगच पिके ठरवितात. विहिरीत एकदाच डोकावल्याने पाण्याचा चढउतार कळत नाही. त्याच विहिरी पुन्हा पुन्हा मोजाव्या लागतात. मनुष्याच्या प्रकृतीचेही तसेच आहे.

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे एक अभिमत विद्यापीठ आहे. तिने अमेरिकेतील हार्वर्ड व दक्षिण कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या सहकार्याने भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. २०१७-१८ मध्ये त्याची पहिली फेरी झाली. तीत ४५ वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२,००० हून अधिक लोकांची पाहणी झाली. त्यांपैकी ३१,००० हून अधिक जण साठी ओलांडलेले होते. याच व्यक्तींना काही वर्षांनी पुन्हा भेटावयाचे, अशी या अभ्यासाची योजना आहे.

पाहणी करणारे घरोघरी गेले. त्यांनी केवळ प्रश्न विचारले नाहीत. मुठीची पकड यंत्राने मोजली, चार मीटर चालण्यास लागणारा वेळ टिपला, दृष्टी व रक्तदाब तपासला. दहा शब्द ऐकवून त्यांतील किती आठवतात, हेही पाहिले. पकड दुबळी व चाल मंद झाली, की पडण्याचा आणि परावलंबी होण्याचा धोका वाढतो.

या तपासणीत एक गंभीर गोष्ट उघड झाली. आपला रक्तदाब वाढला आहे, हे अनेकांना तोवर ठाऊकच नव्हते! असा रक्तदाब बहुधा दुखत नाही. परंतु उपचाराविना राहिल्यास त्यातून पक्षाघात होऊ शकतो.

म्हणून ‘वय झाले’ हे उत्तर पुरेसे नव्हे. मोतीबिंदू काढता येतो, रक्तदाब औषधाने आटोक्यात ठेवता येतो, नित्य चालण्याने पायांतील बळ टिकण्यास मदत होते. कोणते दुःख वयाचे आणि कोणते दुर्लक्षाचे, हे ओळखणे हेच या मोजमापाचे प्रयोजन होय.

शब्दार्थ : अभिमत विद्यापीठ – विद्यापीठाचा दर्जा मिळालेली संस्था. पक्षाघात – अर्धांगवायू. प्रयोजन – हेतू.

स्वाध्याय
१. त्याच व्यक्तींना पुन्हा भेटणे का आवश्यक आहे?
२. पाहणीत कोणकोणत्या गोष्टी मोजल्या?
३. ‘कोणते दुःख वयाचे आणि कोणते दुर्लक्षाचे’ या शब्दांचा अर्थ उदाहरणे देऊन स्पष्ट करा.