मावशी ओट्यावर का येईना झाल्या?

मागच्या दोन अंकांत आपण साखरेचा आजार आणि पायाच्या जखमा यांबद्दल बोललो. या वेळचा धडा कुठल्या गोळीचा नाही. तो आमच्या गंगाखेडच्या एका ओट्यावरचा आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे आणि तिच्यापासूनच सुरुवात करते.

आमच्या वस्तीतल्या विहाराला पुढून ओटा आहे. दुपारी ऊन त्यावरून सरकलं की सात-आठ जणी येऊन बसतात. सगळ्या साठीच्या पुढच्या. एकमेकींना नावाने हाक मारायची रीत नाही. माहेरच्या गावावरून पालमची, सोनपेठची, राणीसावरगावची. एकीच्या मांडीवर वाकळ असते, एकीच्या सुपात तूर. एकजण नुसतीच पाय पसरून बसते आणि सगळ्यांच्या सुनांची चौकशी करते. मिश्रीची डबीही फिरते. त्यावरून माझं नि त्यांचं कायमचं भांडण आहे, पण ते दुसऱ्या एखाद्या अंकात.

दर महिन्याला मी तिथे रक्तदाबाचं यंत्र घेऊन जाते. दंडाला पट्टा बांधायचा, आकडा वहीत लिहायचा, गोळ्या चालू आहेत का विचारायचं, की पुढची. पालमची मावशी मोठी बोलकी. पण गेल्या वर्षी ती हळूहळू गप्प होत गेली. सगळ्या हसल्या की ती थोडी मागून हसायची. विचारलं एक तर उत्तर भलतंच द्यायची. मग ती यायचीच बंद झाली. ओट्यावर चर्चा झाली, "तिला राग आलाय, मागं वाकळीच्या कापडावरून बोलणं झालं होतं." घरी सून म्हणाली, "वय झालं आता ताई, डोकं चालत नाही त्यांचं. सांगितलेलं ध्यानात राहत नाही." मीही मान डोलावली. मालक जाऊन वर्ष झालं होतं, म्हटलं दुःखाने झालं असेल. माझ्या वहीत तिचे रक्तदाबाचे अकरा महिन्यांचे आकडे ओळीने लिहिलेले होते आणि तिला ऐकू येतं की नाही, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

शेवटी एकदा तिच्या शेजारी बसून, तोंडासमोर तोंड धरून सावकाश विचारलं, "मावशी, ओट्यावर का येईना झालात?" ती म्हणाली, "येऊन काय करू माय? तुम्ही बोलता अन् मी नुसती तोंडं बघते. सारखं काय म्हणलीस, काय म्हणलीस केलं की बाया वैतागतात."

तपासणीत एका कानात मळ घट्ट बसलेला निघाला आणि दोन्ही कानांची ऐकण्याची ताकद वयाने बरीच कमी झालेली. सांगितलेलं ध्यानात राहत नव्हतं, कारण ते कानातच गेलं नव्हतं.

ऐकू न येणं आणि विसरणं यांचं नातं इथेच संपत नाही. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची १४ कारणं अशी दाखवली, जी आटोक्यात आणता येतात. ती सगळी आटोक्यात आली तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा पुढे ढकलता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत रक्तदाब, साखर, तंबाखूची बिडी-सिगारेट आहेत. तशीच कमी ऐकू येणं, कमी दिसणं, मनाची उदासी आणि एकटं पडणं हीसुद्धा आहेत. आणि एक कारण शिक्षण कमी मिळणं हे आहे. ते वाचून मी जरा वेळ थांबले. आमच्या ओट्यावरच्या आठांपैकी सहा जणींनी शाळेची पायरी चढलेली नाही. लहानपणी शेण-पाणी, मग दुसऱ्याच्या रानात खुरपणं. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासातून आला. त्यातही पुरुषांपेक्षा बायांत आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. शाळा कुणाला मिळाली नाही याचा हिशेब आपण सामाजिक अन्याय म्हणून मांडतो. तो म्हातारपणी असा मेंदूवरही निघतो.

शिकण्याची वेळ मात्र गेलेली नसते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ मध्ये महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी नऊवारीत, पाठीला दप्तर लावून अक्षरं गिरवायला बसल्या. आमच्याकडे पाटी नाही, पण राणीसावरगावच्या मावशीला नात सही शिकवते आहे. बँकेत अंगठा लावायचा नाही, असा तिचा हट्ट आहे.

आता विसरण्याबद्दल. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, एखाद्याचं नाव ओठावर येऊन अडतं आणि तासाभराने सुचतं, हे वयाचं आहे. पण रोजच्या वाटेवर घर चुकणं, दहा मिनिटांत तोच प्रश्न चार वेळा विचारणं, चाळीस वर्षं केलेल्या कालवणात दोनदा मीठ पडणं, पैशांचा हिशेब न लागणं, शांत माणूस एकाएकी संशयी होणं, हे वयावर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या यांनीही माणूस विसराळू होतो आणि यांवर उपचार आहेत. वेगळी गोष्ट म्हणजे कालपर्यंत बरा असलेला म्हातारा माणूस आज अचानक बरळायला लागणं. लघवीतला जंतुसंसर्ग, साखर एकदम उतरणं, अंगातलं पाणी किंवा मीठ कमी होणं अशी कारणं त्यामागे असू शकतात. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एका बाजूचा हात उचलेना तर तो अर्धांगाचा झटका. लगेच १०८ लावा. अंगात आलं म्हणून बसून राहू नका.

हे बदल आधी कुणाला दिसतात? घरातल्यांना रोज बघून सवय होते आणि डॉक्टर पाच मिनिटं बघतात. ओट्यावरच्या मैत्रिणीला मात्र चटकन कळतं, की ही आज तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतेय. फक्त त्यावर हसायचं नाही आणि रागावून गेली असेल म्हणून सोडूनही द्यायचं नाही. चार दिवस एखादी आली नाही तर कुणीतरी तिच्या घरी जायचं, एवढा नियम आता आम्ही केला आहे.

सोनपेठच्या मावशीला खरोखरच स्मृतिभ्रंश आहे. निदान झालेलं आहे, गोळी चालू आहे. मला ती दर वेळी विचारते, "तू कुणाची गं?" एकदा एका मैत्रिणीने परसात पडलेलं जुनं जातं ओट्यावर आणून ठेवलं. गंमत म्हणून मूठभर ज्वारी टाकली. सोनपेठच्या मावशीने खुंट्याला हात घातला, दोन फेरे फिरवले आणि ओवी सुरू केली. एक, मग दुसरी, मग तिसरी. बाबासाहेबांवरच्या, आईवरच्या, भावावरच्या. शब्द अडला नाही. समोर बसलेल्या राणीसावरगावच्या मावशीने दुसऱ्या बाजूने खुंटा धरला आणि तीही गाऊ लागली. जातं दोघींनी ओढायचं, तसंच गाणंही दोघींचं. जनाबाईच्या गावात राहून जात्याची ही किंमत मला तेव्हा कळली.

यामागचं कारण साधं आहे. नवी गोष्ट साठवून ठेवणारा मेंदूचा जो भाग आहे, त्याला अल्झायमरमध्ये आधी मार बसतो. म्हणून सकाळी काय खाल्लं ते जातं आणि तरुणपणीचं राहतं. गाणं आणि हाताला लागलेली सवय त्याहून जास्त टिकते. हात फिरला की गाणं मागोमाग येतं.

जात्यावरच्या ओव्या नुसत्या करमणुकीच्या नव्हत्या, हे आपल्या भागातल्याच बायांनी दाखवलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सोनपेठच्या पुढे, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमध्ये १९९६ मध्ये त्यांनी बायांकडून बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण गाण्याची आणि मन मोकळं करायची जागा तिच्याबरोबर गेली, तिच्या बदल्यात बायांना काही मिळालं नाही.

म्हाताऱ्या माणसाचं मागचं आठवणं म्हणजे रिकामी बडबड, असं डॉक्टरही मानत असत. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडलं, की म्हातारपणी आयुष्य मागे वळून बघणं ही मनाची गरज आहे. त्यातूनच आठवणींच्या गटांची पद्धत निघाली. २०१८ मध्ये अशा २२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात फायदा थोडा आणि सगळीकडे सारखा नाही, असं दिसलं. मी खोटी आशा देणार नाही, ओव्या म्हणून स्मृतिभ्रंश बरा होत नाही. सोनपेठची मावशी दुसऱ्या दिवशीही मला "तू कुणाची" म्हणाली. पण त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली आणि न रडता झोपली, असं तिच्या लेकीने सांगितलं.

आठवणी सगळ्याच गोड नसतात, हे आपल्या समाजाला सांगायला नको. बहात्तरच्या दुष्काळाचं निघालं की ओटा खुलतो. खडी फोडायची कामं, कामावर मिळणारी सुकडी, मिलो ज्वारीच्या भाकरी, सगळं हसत सांगतात. एकदा बोलता बोलता कुणीतरी नामांतराचं काढलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या खेड्यांत आपल्या वस्त्यांवर जे झालं ते झालं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. राणीसावरगावच्या मावशीचा हात वाकळीवर थांबला. मी शिकलेली, म्हणून उत्साहाने विचारलं, "मावशी, तेव्हा तुम्ही कुठं होता?" ती उठून घरी गेली. रात्रभर झोपली नाही, असं नंतर कळलं. ही माझी दुसरी चूक. इतिहास नोंदवायची घाई आपल्याला असते. सांगणाऱ्याला तो पुन्हा भोगावा लागतो. मावशीने स्वतःहून सांगायला घेतलं तर ऐकावं, हात धरावा, मधे प्रश्न घालू नयेत. झोप उडणं, छाती धडधडणं, जेवण तुटणं असं पंधरा दिवस राहिलं तर टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करावा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. चार महिन्यांनी मावशीने आपणहून सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही.

तुमच्या विहारात असं बसायचं असेल तर वर्षावासातल्या ग्रंथवाचनाचे दिवस बरे. बाया तशाही येतातच. वाचन झाल्यावर अर्धा तास थांबा. गोल बसा, म्हणजे प्रत्येकीचं तोंड प्रत्येकीला दिसेल; कमी ऐकू येणारी ओठ बघून समजून घेते. तिला भिंतीकडे पाठ करून बसवा आणि पंखा, लाऊडस्पीकर बंद ठेवा. जातं, सूप, जुना फोटो असं काहीतरी मधे ठेवा. "आठवतंय का?" असं विचारू नका. ती परीक्षा होते. "हे कशाचं गं?" एवढंच पुरे.

कान घरीही ढोबळ तपासता येतो. हातभर अंतरावर मागे उभं राहून, तिचा एक कान बोटाने बंद करून, दुसऱ्या कानाशी हळू आवाजात तीन शब्द म्हणा. दोनदा चुकली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. कानात पिन, काडी, गरम तेल घालायचं नाही. मळ असेल तर तो दवाखान्यात मऊ करून काढतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या, कौटुंबिक उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असलेल्यांना साधनांसाठी एकदा ३००० रुपये बँक खात्यात मिळतात. कानाच्या यंत्राला तेवढे पुरत नाहीत, पण चष्मा-काठी होते. पेन्शन अडली, घरात छळ होतोय, अशा तक्रारींसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

पालमच्या मावशीला यंत्र मिळून पाच महिने झाले. पहिल्या आठवड्यात तिने ते डब्यात टाकून दिलं होतं. "कुकरची शिट्टी डोक्यात घुसते, भांडं पडलं की जीव दचकतो." असं होतंच. इतके दिवस शांत असलेल्या मेंदूला आवाजाची सवय पुन्हा लागावी लागते. सुरुवातीला घरात, एका माणसाशी बोलताना, दिवसातून एक-दोन तास लावावं आणि मग वाढवत न्यावं. बाजारात आणि जयंतीच्या मिरवणुकीत लगेच घालून जाऊ नये. आंघोळीआधी काढावं. रात्री कोरड्या फडक्याने पुसून, सेलचं झाकण उघडं ठेवून डबीत ठेवावं. सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, गिळला तर जिवावर बेततं.

ओट्यावर आता ती मधोमध बसते.