आधी तपासणी, मग साधन : कानाचे यंत्र, भिंग आणि पांढरी काठी



लागणीच्या आधी माती तपासा, मगच खताचा डोस ठरवा, हे आम्ही दर वर्षी सांगतो. या अंकात तीच गोष्ट कान आणि डोळे यांच्याबद्दल सांगावयाची आहे. विषय ऊस विकासाच्या बाहेरचा वाटेल, पण तसा तो नाही. ज्याला काट्यावरची वजन पावती वाचता येत नाही, त्याला आपल्या उसाचा हिशेब दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. ज्याला ऐकू कमी येते तो सर्वसाधारण सभेत मागे गप्प बसतो, आणि पाठीमागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा हॉर्नही त्याला कळत नाही.

गटागटांत फिरताना एक गोष्ट सारखी दिसते. घरात कानाचे यंत्र असते, पण ते पेटीत. विचारले तर उत्तर ठरलेले : "घातलं की नुसती शिट्टी वाजते, डोकं उठतं." दोष बहुधा यंत्राचा नसतो, तर माप न घेता यंत्र आणल्याचा असतो.

१. ऐकू येते, पण समजत नाही

वयामुळे ऐकणे कमी होते तेव्हा बारीक, उंच सुराचे आवाज आधी जातात. स, श, ठ यांसारखी अक्षरे निसटतात. मग 'सात' म्हटले की 'साठ', हे नीट कळत नाही. टनेजच्या आकड्यात हा घोळ परवडणारा नाही. अशा माणसापुढे ओरडून उपयोग नाही. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे.

प्रथम कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. कधी नुसता मळ असतो, कधी कान वाहत असतो, कधी पडद्याला छिद्र असते. त्यावर उपचार आहेत. त्यानंतर ऐकण्याची चाचणी करून घ्यावी. कोणता सूर किती डेसिबलला ऐकू येतो, याचा आलेख मिळतो व त्याप्रमाणे यंत्र बसवतात. दुसऱ्याचे यंत्र आपल्या कानाला लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या माती अहवालावर आपल्या रानात खत टाकणे होय.

२. यंत्र घेतल्यावर

(अ) शिट्टी वाजत असेल तर बहुधा कानातला साचा सैल असतो किंवा कानात मळ असतो. ते तपासून घ्यावे.
(आ) सुरुवातीला शांत घरात रोज एक-दोन तास घालावे. सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी बाजारात घालून गेलात तर गोंगाटच ऐकू येणार.
(इ) आंघोळ आणि औषध फवारणी करताना काढून ठेवावे. घामाने यंत्र बिघडते, म्हणून रात्री कोरड्या डबीत ठेवावे.

३. लहान मुलाच्या बाबतीत थांबू नका

"याचा बापही उशिरा बोलला होता," म्हणून वर्षे घालवू नयेत. भाषा शिकण्याची खरी वेळ पहिल्या दोन-तीन वर्षांची असते. आवाजाला दचकत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, असे मूल लगेच तपासावे. ऊसतोड टोळीतल्या कोपीवर असे मूल दिसले तरी त्याच्या आईला सांगावे. यंत्र, कानातील शस्त्रक्रिया किंवा खुणांची भाषा, यांपैकी मार्ग तज्ज्ञ ठरवतील.

४. डोळे

मोतीबिंदूला शस्त्रक्रिया आणि नंबरला चष्मा, हे सर्वांना माहीत आहे. एवढे करूनही दृष्टी अधू राहिली तर भिंग, खांद्यामागून येणारा चांगला उजेड आणि ठळक काळी अक्षरे यांनी वाचन पुष्कळ साधते.

दृष्टी गेलेल्यांसाठी पांढरी काठी आहे. ती उभी धरली असता छातीच्या मध्यापर्यंत यावी. उजवा पाय पुढे पडताना काठीचे टोक डावीकडे आणि डावा पडताना उजवीकडे टेकवायचे. म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधी तपासली जाते. गाडीवाल्यांनी पांढरी काठी पाहिली की थांबावे. मदत करताना हाताला धरून ओढू नये, आपले कोपर त्यांना धरू द्यावे. आता साधा स्मार्टफोनही पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवतो. रिझर्व्ह बँकेचे २०२० सालचे 'मनी' अॅप कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची आहे ते बोलून सांगते.

एक इशारा : उसाचे पाते डोळ्याला लागले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. त्या जखमेत बुरशी वाढू शकते. दुकानातून मनाने आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी ती बळावते आणि डोळा जातो. दूध, तूप, पाल्याचा रस काहीही घालू नये.

५. कोठे जावे, काय मिळते

नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे कान व डोळ्यांचे विभाग आहेत. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास प्रमाणपत्र व ओळखपत्र काढावे. केंद्राच्या १९८१ पासूनच्या 'एडिप' योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत साधने मोफत किंवा निम्म्या किमतीत मिळतात.

२०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांचा ऱ्हास ६० डेसिबल असल्यावरच श्रवणदोष धरला जातो. त्याच्या आतल्यांना प्रमाणपत्र मिळत नाही, पण अडचण तर असतेच. अशा वृद्धांसाठी केंद्राची 'वयोश्री' (२०१७) आणि राज्याची 'मुख्यमंत्री वयोश्री' (२०२४) या योजना आहेत. राज्याच्या योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक दोन लाखांच्या आतील उत्पन्नाच्या व्यक्तींना एकदाच ३,००० रुपये देण्याची तरतूद केली आहे. चालू अटी समाज कल्याण कार्यालयात विचाराव्यात.

शेवटी एवढेच. वजन पावती सभासदाच्या हक्काची आहे. वाचता येत नसेल तर "मोठ्याने वाचून दाखव" म्हणून काट्यावर सांगा, ऐकू आले नाही तर आकडा कागदावर लिहून मागा. त्यात कमीपणा काही नाही. ऊस तुमचा आहे, हिशेबही तुमच्याच कानाडोळ्यांखालून गेला पाहिजे.

— ऊस विकास अधिकारी